उस्ताद, पावसाळा गेला

सोलापूर, दिवाळीनंतरचा सोमवार

उस्ताद,

सलाम.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. मधले शब्द गाळायचे नाहीत, असं त्याला सांगून ठेवा. माझ्याच वर्गात होता तो, उतारा वाचताना दोन ओळी खायची सवय मला माहीत आहे. तुमचं नाव लिहिलं तर रागवाल म्हणून नुसतं उस्ताद म्हणते. पेठेत कळायचं त्याला कळेलच.

पावसाळा गेला. सप्टेंबरात आपल्याकडे येतो तसाच आला, आधी ऊन, मग सगळा एकदम. आपल्या जुन्या हॉलची, तुम्ही गिलावा केलेली पश्चिमेची भिंत कोरडी आहे. मी रोज सकाळी दार उघडल्यावर पहिल्यांदा तिला तळहात लावत होते. शिपाई हसायचा. बाई भिंतीचा ताप बघतात, म्हणायचा.

उद्घाटनाला तुम्ही आला नाहीत. शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं, खुर्चीवर चिठ्ठी लावली होती. तुमचा निरोप आला, “एक पावसाळा काढू द्या भिंतीला, मग सत्कार कुणाचा ते ठरवा.” त्या दिवशी मला तो तोरा वाटला. खोटं कशाला बोलू?

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणून ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. सोलापुरात जुनी इमारत म्हटलं की लोक इंद्रभुवनाकडे बोट दाखवतात, आप्पासाहेब वारदांनी बांधलेलं, पुढे महापालिकेचं झालेलं. आमच्या हॉलला तसं रूप नाही. दगडी जोतं, वर विटा, सागवानी तुळया, कौलं, खाली शहाबादी फरशी. माझी आजी त्याला ‘टौनाल’ म्हणायची. या शहरात १९३० साली नगरपालिकेवर तिरंगा लागला, मे महिन्यात मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. त्या दिवसांच्या गोष्टी आजी सांगायची त्या याच हॉलच्या पायरीवर बसून. पुढे सभा बंद पडल्या. मोडकी बाकडी, मतपेट्या आणि ब्लीचिंग पावडरीची पोती एवढंच आत उरलं. मागच्या भिंतीत पिंपळ.

तो हॉल पुन्हा उघडायचा, तालमींना, चित्रांना, मागावर काम करणाऱ्यांना जागा द्यायची, हे आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलं. परवानग्यांचं रामायण सांगत बसत नाही. पैसे जमले, एकानं स्वस्तात काम घेतलं आणि आठ दिवसांत पश्चिमेच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करून दिला. गुळगुळीत, राखाडी. आम्ही त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. १२ जानेवारीला उघडायचं, हेही ठरलं.

तुम्हाला बोलावलं होतं फक्त कौलं शाकारायला. नोव्हेंबर होता. शिडीवरून उतरताना तुम्ही बोटाच्या पेरानं त्या भिंतीवर टकटक केलंत. मग दोन हात पलीकडे. मग मला म्हणालात, “बाई, ऐका. पोकळ बोलतीय. काढा हे सगळं.”

त्यावर मी काय बोलले ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, म्हणून मीच सांगते. तुमच्यासारख्यांमुळेच गावातली कामं रखडतात, असं मी म्हणाले. दहा माणसांसमोर. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला. तुम्ही घमेलं उचललंत आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात होतात. छिन्नीनं हातभर गिलावा काढलात. मागची वीट ओली होती, आणि मी बोट लावलं तर रव्यासारखी हातात आली. चार दिवस पाऊस नव्हता. तुम्ही सांगितलंत की ही भिंत चुन्यात बांधलेली. जमिनीतनं वर चढलेली ओल ती बाहेर सोडत असते. वरून सिमेंटनं तोंड दाबलं की ओल आत कोंडते, लोणा धरतो, म्हणजे खार फुटतो, आणि वीट आतून पीठ होत जाते. आपल्याला दिसतं तेव्हा गिलाव्यासकट वीट खाली. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण एवढं नीट मला कुणी कधी समजावून दिलं नव्हतं.

मग मी विचारलं, किती दिवस लागतील. “घाई हाय तर मांडव घाला की. भिंतीच्या नादाला कशाला लागता?” एवढंच बोललात. बारा जानेवारी गेली हे मला तेव्हाच कळलं.

पुढचे दिवस मला जन्मभर पुरतील. कळीचा चुना पिंपात टाकला आणि पाणी नुसतं उकळायला लागलं. पोरं लांब पळाली आणि तुम्ही हसलात, तेवढंच एकदा. मग तो पाण्याखाली मुरत ठेवायचा, हात लावायचा नाही. विटांची सुरखी आम्ही कुटली, चाळली, आणि तुम्ही ती परत चाळायला लावलीत. गूळ आला, बेलफळं आली, हिरडा आला. मुंग्याही आल्या. भिंत करताय का लाडू, असं शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या.

एकदा जेवताना मी विचारलं, हे इतकी वर्षं करत आलात का. तुम्ही कडक भाकरी मोडत म्हणालात, “कुठलं काय. चाळीस वर्षं सिमेंटच ओढलं. चुन्यावर पोट भरतंय व्हय?” चुना तुम्ही वडिलांच्या हाताखाली पोरपणी केला होता, चुना मळायच्या घाणीला बैल जुंपलेले असायचे तेव्हा. त्यानंतर कुणी मागितलाच नाही. आणि आम्हीही तुम्हाला हजेरी दिली ती सिमेंटवाल्या गवंड्याचीच. तुम्ही मागितली नाही म्हणून आम्ही वाढवली नाही. हिशेबाच्या वहीत ते आहे, आणि मला ते खुपतं.

गिलावा लागला तेव्हा प्रश्न आला तो सुकण्याचा. चुना सावकाश सुकला पाहिजे, नाहीतर तडकतो, आणि आपल्या गावची हवा तर जानेवारीतही ओठ फोडते. तुम्ही गोणपाट मागितलंत. पूर्व भागातल्या एका कारखानदारानं गोणपाटाऐवजी चादरी पाठवल्या, किनार चुकलेल्या, बाजारात न जाणाऱ्या. त्या भिजवून भिंतीसमोर सोडल्या. सगळा हॉल मोर आणि चौकड्यांनी भरला. सोलापूरच्या भिंतीनं पांघरायचं ते चादरच पांघरणार, नाही का?

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे ती. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते. नंदीध्वजाच्या मिरवणुकीला आमची सगळी पोरं गेली, अक्षतांना मी गेले, समितीतलं कुणीच हॉलकडे फिरकलं नाही. चादरी दिवसातनं चारदा भिजवायच्या होत्या, हे कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. तीन दिवसांनी मी धसकूनच दार उघडलं. चादरी ओल्या होत्या. शिपायानं सांगितलं, उस्ताद पहाटे येतात, दुपारी येतात, रात्री इशाची नमाज झाली की परत एकदा येतात. बादल्या स्वतः उचलतात. त्या तीन दिवसांची हजेरी तुम्ही लावली नाहीत. मी विचारलं तेव्हा “सणाचं काम झालं नाही” म्हणालात. काम झालं होतं, उस्ताद. मी तेव्हाही आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर नोव्हेंबरातलं बोलणं आधी निघालं असतं. तेव्हा आज दोन्ही एकदम. मला माफ करा. आणि फार उपकार झाले.

हॉल मे महिन्यात उघडला, संध्याकाळी सातला, तरी घाम पुसत. पण आत पंख्याविना बसवत होतं. आता काय काय चालतं ते येऊन बघा, तरी थोडं सांगते. सोमवार-गुरुवार नाटकाची तालीम. विडी वळणाऱ्या बायका दुपारी मांडीवर सूप घेऊन मागच्या कट्ट्यावर बसतात, हात चालू, डोळे तालमीवर. आता नटांच्या चुका त्याच काढतात, तेलुगूतून. कोपऱ्यात एक हातमाग मांडलाय. रविवारी कन्नड भजन असतं, महिन्यातनं एकदा मुशायरा. दोन्ही एकाच दिवशी ठरले होते तेव्हा थोडं वाजलं, पण मिटलं. आणि ती पॉलिटेक्निकची पोरगी, जिच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त ओरडलात, ती आता दुसऱ्या एका जुन्या वाड्याच्या कामावर जाते. तिथं ती भिंतीवर टकटक करून ऐकते आणि मालकाला घाबरवते, असं कळलं.

एक तक्रार आहे. उत्तरेच्या खिडकीखाली वीतभर जागा हाताला गार लागते. लोणा नाही, पण गार आहे. मी तिला काही केलेलं नाही, कुणाला करूही दिलेलं नाही. शाल-नारळ काढणार नाही, वचन देते. चहा मिळेल, आणि शेंगा चटणी घेऊन जायला.

पिंपात उरलेला चुना तुम्ही सांगितलात तसाच ठेवलाय. पाणी वर चार बोटं राहील असं बघते. कमी झालं की मीच घालते, शिपायावर सोडत नाही.

तुमची,
बाई