तुझ्या हक्काचा जादा वेळ

डिचोली, गोवा

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी मोठ्या अक्षरांत, दोन ओळींमध्ये पुरेशी जागा सोडून लिहिले आहे. ते एका बैठकीत संपवण्याची गरज नाही, आणि थकलास तर आई वाचून दाखवील. काल दहावीच्या परीक्षेतील सवलतींचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा "मला जादा वेळ नको, मुले त्याला फसवणूक म्हणतात," असे सांगून तू उठून गेलास. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. ते आज देतो.

आधी माझी चूक सांगतो. माझ्या अक्षराचे कचेरीत नेहमी कौतुक होत आले, त्यामुळे तुझ्या वह्या पाहून मला लाज वाटत असे. तुझी चौथीतील श्रुतलेखनाची वही मी जपून ठेवली आहे. तिच्या एकाच पानावर ‘घर’ दोनदा बरोबर आहे आणि तिसऱ्यांदा त्याचे ‘धर’ झाले आहे. खाली ‘किरण’च्या जागी ‘करिण’ आहे. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि तिचा उच्चार मात्र अक्षरानंतर करायचा, यात कुणाला अडचण येऊ शकते हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. एका ओळीत जमलेला शब्द पुढच्या ओळीत चुकतो, त्या अर्थी मुलाचे लक्ष नाही, असे ठरवून मी तुला तो शंभर वेळा लिहायला लावला आणि एकदा तुझ्यावर हातही उगारला. त्याबद्दल मला क्षमा कर.

प्राथमिक शाळा मराठीतून झाली होती, पाचवीला हायस्कूलमध्ये गेल्यावर सगळे विषय इंग्रजीतून सुरू झाले. एका संध्याकाळी तू इंग्रजीचा धडा घडाघडा वाचत होतास, बोट ओळीवरून सरकत होते, आणि मी सहज वाकून पाहिले तर पुस्तकात भलताच धडा उघडलेला होता. वर्गात ऐकून तू तो अख्खा पाठ केला होतास. ज्याला मी आळशी म्हणत होतो, तो मुलगा इतरांच्या दुप्पट राबत होता.

शाळेत विचारले तेव्हा शिकवणी लावण्याचा सल्ला मिळाला आणि त्यात एक वर्ष गेले. पुढे डोळे आणि कान तपासले, बुद्धिमापन झाले, मग वाचन, लेखन आणि गणित यांच्या वेगवेगळ्या चाचण्या झाल्या, आणि तुला डिस्लेक्सिया असल्याचे कळले. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात असेल तर डिसग्राफिया आणि अंकगणितात असेल तर डिसकॅल्क्युलिया म्हणतात. या तिन्हींना मिळून विशिष्ट अध्ययन अक्षमता असे नाव आहे. त्यातल्या ‘विशिष्ट’ या शब्दाकडे लक्ष दे. एकंदर समज उत्तम असताना ठरावीक कौशल्यच अडते, असा त्याचा अर्थ आहे. शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्याचे काम तुझ्या मेंदूला जड जाते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच पक्का असल्याने तू चौथीपर्यंत कसाबसा निभावलास, पण इंग्रजीत एकच अक्षर दर शब्दात वेगळे बोलते. हे बहुधा कुटुंबात चालत येते. तुझ्या धाकट्या काकांनी सातवीतून शाळा सोडली, त्याचे कारण आता मला वेगळे दिसते.

1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 वर्षांच्या एका मुलाची हकीकत लिहिली. शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याचे शिक्षक सांगत. अशी सारी मुले अलौकिक प्रतिभेची असतात, ही अलीकडे ऐकू येणारी समजूत मात्र मला पटत नाही. न्याय मिळण्यासाठी कुणाला अलौकिक असावे लागू नये.

आता त्या जादा वेळेविषयी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला. परीक्षांविषयीच्या केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास, जादा देण्याचे सांगितले आहे, आणि आपल्या मंडळातही अशा मुलांना सवलती मिळतात. गेल्या चाचणीत भूगोलाचे शेवटचे दोन प्रश्न तू कोरे सोडलेस, आणि घरी ओट्याशी उभा राहून त्याच दोन्ही प्रश्नांची उत्तरे आईला न अडखळता सांगितलीस. त्या कोऱ्या जागेवरून तुझ्या वाचनाचा वेग तेवढा कळला, भूगोल कळला नाही. ज्याला उत्तर येतच नाही, त्याला आणखी एक तास बसवून काय मिळणार? फसवणूक म्हणणाऱ्या मुलांना हे तू समजावत बसावेस असे मी म्हणत नाही. ते काम शिक्षकांचे आणि माझे आहे, आणि त्यासाठी मी शुक्रवारी शाळेत येणार आहे.

विशेष शिक्षिकेकडे ध्वनी आणि अक्षरे जोडण्याचा जो सराव तू चालवला आहेस, त्याने तुझे वाचन सुधारले आहे, ते आणखी सुधारेल. तरी वेग इतरांएवढा होईलच, असे खोटे आश्वासन मी देणार नाही.

अर्ज कपाटातील निळ्या फायलीत ठेवला आहे. माझी सही केली आहे, तुझ्या सहीची जागा मोकळी आहे. सोमवारी सकाळी तो द्यायचा आहे.

तुझा,
बाबा