राजमा आधी उकळ, मग कुकीजचं बोलू

प्रिय सुमे,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, याची मनापासून लाज वाटते. गुडघा बरा आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय, तब्येतीचं एवढंच. काल तुझं पत्र पुन्हा काढलं आणि तिसऱ्या पानावरच्या एका ओळीशी थबकले. पहिल्यांदा वाचताना ती नजरेतून कशी सुटली कोण जाणे. मैद्याऐवजी कडधान्य वाटून तू ज्या कुकीज करतेस, त्यांच्याबद्दल लिहिलंयस, ‘राजमा रात्रभर भिजवते, सकाळी तसाच वाटते, ओव्हनमध्ये शिजतोच की.’

नाही शिजत गं. निदान जसा शिजायला हवा तसा नाही. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हेच लिहिते, कारण त्या कुकीज माईही खातात आणि चिंटूही.

राजम्यात, त्यातही लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो. एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, मग जुलाब. धडधाकट माणूस काही तासांत सावरतो, पण ऐंशीच्या माई आणि चार वर्षांचं पोर यांच्या बाबतीत मला तो हिशोबच करायचा नाही. हे प्रथिन मोडतं ते खळखळत्या उकळीने. किमान ५ तास भिजवायचं, ते पाणी ओतून टाकायचं, ताज्या पाण्यात टाकून पूर्ण उकळी आणायची. शंभर अंशांना १० मिनिटांत ते नष्ट होतं, पण प्रत्येक दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचावी म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ३० मिनिटं उकळायला सांगतं. तू ३० मिनिटंच धर. त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवणं वेगळं. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवलास तर प्रश्नच नाही.

आता तू म्हणशील, ओव्हन तर १८० अंशांवर असतो. हवा १८० अंशांची असते, सुमे, कुकीचं पोट नव्हे. पोटात ओलावा आहे तोवर तिथलं तापमान शंभरापुढे जात नाही, आणि ते शंभराच्या जवळ पोचतं तेव्हा कुकी बाहेर काढायची वेळ झालेली असते. अर्धवट तापवणं तर आणखी वाईट. ८० अंशांच्या आसपास तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. म्हणून मंद आचेचा तो विजेचा कुकर, जो तुला इतका आवडतो, त्यात राजमा थेट कधीच टाकू नकोस. आधी गॅसवर अर्धा तास उकळव, मग हवं तर त्यात घाल. डब्यातला तयार राजमा पूर्ण शिजवलेलाच असतो, तो धुऊन सरळ वापरता येतो.

हे एवढं मोठ्याने बोलल्यासारखं लिहिलं, रागावू नकोस. घाबरले होते.

आता कुकीज. माझं ऐकशील तर राजमा सोड आणि काबुली चण्यांवर ये. रंग फिका, चव सौम्य, आणि पीनट बटरशी त्यांचं छान जमतं. राजमा किंवा काळे बीन्स कोकोच्या कुकीजसाठी ठेव, तिथे त्यांचा गडद रंग कामाला येतो. चणेही पूर्ण शिजवलेलेच हवेत. दाणा जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबला की लोण्यासारखा विरघळला पाहिजे. किंचितही कण लागला तर कुकीत रवाळपणा येणार, आणि तो भाजून जात नाही.

१०० ग्रॅम सुके चणे शिजून साधारण २२० ते २४० ग्रॅम होतात. भिजवताना पाण्यात मीठ घाल, लिटरला एक चमचा. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल, किंवा चणे वर्ष-दीड वर्ष डब्यात पडून असतील, तर ते तासन्‌तास शिजवूनही कडक राहतात, तिथे दोष तुझा नाही. अशा वेळी शिजवताना पाव चमचा खाण्याचा सोडा पुरतो. जास्त घातलास तर साबणासारखी चव येते. शिजल्यावर गार पाण्यात दोन्ही हातांनी चोळलेस की साली तरंगून वर येतात. सालींवरून आपलं जे वाजलं होतं ते मी विसरलेले नाही. अजूनही माझं तेच म्हणणं आहे, काढ. सगळ्या नाही निघाल्या तरी चालेल, पण दहातल्या सात तरी निघू देत.

आणि वजनकाटा घे. तुझा वाटीचा हट्ट मला पाठ आहे, ‘हात सांगतो तेवढं घ्यायचं’. मैद्याच्या कुकीजमध्ये हात खरंच सांगतो, कारण मैदा चुका पोटात घालतो. कडधान्य घालत नाही. एकच वाटी अख्ख्या चण्यांनी भर आणि वाटलेल्या चण्यांनी भर, वजनात केवढा तरी फरक पडेल. खजुराचं तर विचारूच नकोस.

हे घे माप: शिजवून निथळून कोरडे केलेले चणे २४० ग्रॅम, पीनट बटर १२० ग्रॅम (फक्त शेंगदाण्यांचं, साखर नसलेलं), बिया काढलेला मऊ खजूर १२० ग्रॅम, व्हॅनिला एक चमचा, बेकिंग पावडर एक चमचा, मीठ पाव चमचा, आणि शेवटी हाताने मिसळायला ६० ग्रॅम गडद चॉकलेटचे तुकडे. ३५ ग्रॅमच्या साधारण १५-१६ होतात.

तू विचारलं होतंस की मधे चिकट आणि कडेला कोरड्या का होतात. सगळा घोळ पाण्याचा आहे. मैदा ओव्हनमध्ये पाणी पितो, फुगतो, आणि त्यातलं ग्लुटेन सगळ्याला धरून ठेवतं. चण्यातल्या स्टार्चने आपलं पाणी शिजतानाच पिऊन घेतलंय. शिजलेल्या चण्याच्या वजनात जवळपास ६० टक्के पाणीच असतं. त्यामुळे तू वरून घातलेला प्रत्येक चमचा पाणी कुकीत तसाच बसून राहतो आणि आपण त्याला ‘कच्चट’ म्हणतो. मग तू जास्त वेळ भाजतेस, कडा वाळतात, मधला गोळा तसाच. उपाय ओव्हनच्या आधी करायचा. धुतलेले चणे कापडावर पसरून टिपून घे, मग ट्रेवर १८० अंशांना ८ ते १० मिनिटं नुसते सुकव. याने उग्र वासही बराच उतरतो. तोवर खजूर गरम पाण्यात १० मिनिटं ठेव आणि घट्ट पिळून घे. मिश्रण फिरेनासं झालं तरच त्या पाण्यातला एक चमचा घाल, फार तर दोन.

वाटण्याचा क्रम बदलू नकोस. आधी खजूर आणि पीनट बटर, अगदी गुळगुळीत. खजुराची साल इथेच मोडली पाहिजे. मग चणे, तीन-चार हप्त्यांत, दर वेळी कडा खरवडून. तुझा मिक्सर लहान आहे, अर्धं अर्धं कर आणि मधे थांब. पातं तापलं की शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि मिश्रण तेलकट गोळा होऊन बसतं. बेकिंग पावडर आणि मीठ सगळ्यात शेवटी. मग भांडं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, हाताला चिकटणं कमी होतं.

या कुकीज ओव्हनमध्ये पसरत नाहीत, हे मनात पक्कं धर. पसरवायचं काम वितळणारी साखर आणि लोणी करतात, ती दोन्ही इथे नाहीत. जशी ठेवशील तशी निघेल. गोळा ठेवलास तर गोळाच. ओल्या हाताने एक सेंटिमीटर जाडीवर चपटी कर, कडा बोटाने गोल कर. १८० अंश, मधला कप्पा, १४ ते १६ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या आणि वरचा भाग बोटाला कोरडा लागला की काढ, आत मऊ वाटेल तशीच. ट्रेवरच २० मिनिटं हात लावू नकोस. गरम उचललीस की मोडणारच, ग्लुटेन नाही ना. गार होताना पीनट बटरही जरा घट्ट होतं आणि मगच ती अंग धरते.

कुरकुरीत होतील का, हे तू दोनदा विचारलंयस. नाही होणार. खजूर ओलावा धरून ठेवतो, कुरकुरीतपणा देते ती साखर. हे कबूल करूनच कर, म्हणजे तिसऱ्या घाण्याला निराश होणार नाहीस.

हिरव्या झालेल्या कुकीज तू बुरशी समजून फेकल्यास ना? चिंटूच्या मैत्रिणीला शेंगदाणा चालत नाही म्हणून सूर्यफुलाच्या बियांचं बटर घातलं होतंस, त्याचा तो रंग होता. त्या बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याशी जुळलं की हिरवा रंग येतो. खायला निर्धोक असतात त्या. पुढच्या वेळी सोडा नको, नुसती बेकिंग पावडर, तीही थोडी कमी, आणि अर्धा चमचा लिंबाचा रस.

आता नानांचं. तू डब्यावर ‘बिनसाखरेच्या’ अशी चिठ्ठी लावलीस, आणि ते दुपारच्या चहाला पाच खातात. ती चिठ्ठी काढ. खजुराच्या वजनात साधारण दोन तृतीयांश साखरच असते. मी वरच्या मापाचा हिशोब केला. एका कुकीत सुमारे ११० कॅलरी, ७ ग्रॅम साखर, साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि दोन-अडीच ग्रॅम तंतू (फायबर). तंतू आणि प्रथिनं मैद्याच्या कुकीपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे साखर रक्तात जरा सावकाश उतरते, हा खरा फायदा. पण पाच खाल्ल्या की ३५ ग्रॅम साखर आणि साडेपाचशे कॅलरी. मधुमेहाच्या माणसाला एक, फार तर दोन, आणि तीही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. मध घालायचा तुझा विचार आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी सूचना काढली त्यात मध, सिरप आणि फळांचा रस साखरेच्याच रांगेत आहेत. अख्खं फळ त्या रांगेत नाही, म्हणून खजूर निदान तंतूंसकट अख्खा वाटायचा, त्याचं सिरप आणायचं नाही. गोडी कमी करायची असेल तर खजूर ८० ग्रॅमवर आण आणि एक छोटं, काळे ठिपके पडलेलं केळं घाल. मात्र केळं ओलावा आणतं, तेव्हा चणे ५ मिनिटं जास्त सुकव. मीठ कमी करू नकोस, गोडी त्यानेच वर येते. आणि धाकटीच्या बाळाला वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं काहीही नाही, भाजलेलंसुद्धा नाही. त्यातले जिवाणूंचे बीजाणू ओव्हनमध्ये मरत नाहीत.

ठेवायच्या फ्रीजमध्येच, चार-पाच दिवस. बाहेर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, इतकी ओल असते त्यांत. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने राहतात. चपटे गोळे करून कच्चेच गोठवलेस तर आणखी बरं, तसेच ट्रेवर ठेवून दोन-तीन मिनिटं जास्त भाजायचे.

तुझ्या नव्या नोकरीचं अभिनंदन, ते खरं पहिल्या ओळीत यायला हवं होतं. घर बदलताय म्हणतेस, तर ओव्हन स्वतः उचलू नकोस, तुझी पाठ आठव. लेकीच्या परीक्षेचं काय झालं ते कळव. विनूचा फोन आला होता, तिचं तुला सांगायचंय, पण ते समोरासमोर.

तुझी,
वसू

ता. क. तू लिहिलंयस की पहिल्या घाण्यातल्या राजम्याच्या तीस कुकीज फ्रीजरमध्ये आहेत. गोठवल्याने ते प्रथिन मोडत नाही आणि पुन्हा भाजल्यानेही नाही. सगळ्या फेकून दे, आजच. आणि फेकल्यास की मला एक ओळ पाठव.