ऐरोलीच्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

क्लास डायग्राममधून, म्हणजे कशाकशाची कोणती माहिती ठेवायची याच्या आराखड्यातून (मॉडेलमधून), डेटाबेसची टेबलं तयार करण्याचं काम आमच्या महापेच्या ऑफिसात आता आपोआप होतं. त्याचं कौतुक आमच्या टीमच्या वाट्याला येतंय. ते खरं कुणाचं आहे हे चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

निवृत्तीनंतरच्या शनिवार संध्याकाळी तुम्ही आम्हाला दिल्यात. लॅपटॉप उघडू दिला नाहीत. डावीकडे मॉडेल, उजवीकडे त्यातून हवी असलेली टेबलं, दोन्ही हातानं काढायला लावलीत आणि म्हणालात, "आता काय कशातून आलं, त्याच्या रेघा ओढा." ‘ग्राहक’ क्लासचं टेबल झालं, नावाचा कॉलम झाला. फोन नंबरपाशी गाडी अडली, कारण एका ग्राहकाचे नंबर अनेक. उत्तर तुम्हाला ठाऊक होतं, तरी गप्प राहिलात. शेवटी आम्हीच नंबरांचं वेगळं टेबल काढलं, त्यात ग्राहकाची की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी खूण, घातली. त्या रेघा म्हणजेच ट्रान्सफॉर्मेशनचे, एका मॉडेलातून दुसरं घडवण्याचे, नियम, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मग एटीएल सोपी गेली. असे नियम लिहायची, फ्रान्समधल्या नांत इथं घडलेली ही भाषा. कशाचं काय व्हायचं तेवढं आपण लिहायचं, क्रम ते नियम चालवणारं इंजिन बघतं. ‘पॉलिसी’ क्लासच्या नियमात नुसता ग्राहकाचा उल्लेख केला तरी फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा कॉलम, त्याच्या टेबलाशी बरोबर जुळते, कारण कुठल्या घटकातून काय तयार झालं याची नोंद इंजिन ठेवतं. आमच्या जुन्या जावा कोडमध्ये हा हिशेब आम्हीच सांभाळायचो, आणि मॉडेल बदललं की तो पुन्हा मांडावा लागायचा.

ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मॉडेलमधून सॉफ्टवेअर घडवण्याची 2001 ची एमडीए पद्धत, ट्रान्सफॉर्मेशनसाठीचं तिचं 2008 चं मानक क्यूव्हीटी 1.0, हे सगळं तुम्ही चहा होईपर्यंत सांगून मोकळे झालात. मेटामॉडेलवर, म्हणजे मॉडेलमध्ये काय काय असू शकतं ते ठरवणाऱ्या मॉडेलवर, मात्र अडून बसलात, आणि ते किती योग्य होतं! एका गुणधर्माला अनेक किमती असू शकतात हे मेटामॉडेलमध्येच नसेल, तर नियमानं ते फोन नंबर ओळखायचे कसे?

काकूंचेही आभार. त्यांचं जेवणाचं टेबल आम्ही रात्रीपर्यंत अडवून ठेवायचो.

आता उलटी दिशा हवी आहे: टेबलात कॉलम वाढला की मॉडेलमध्येही तो यावा. तुम्ही सांगितलेलं श्युर यांचं 1994 चं ट्रिपल ग्राफ ग्रामरचं, म्हणजे दोन्ही बाजू आणि त्यांच्यातले दुवे एकत्र मांडणाऱ्या नियमांचं, काम वाचायला घेतलंय. गणपती झाले की एका शनिवारी येऊ का?

आपली,
ठाण्याची विद्यार्थिनी