परतीची वेळ ठरवून निघ

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "नानांसाठी म्हणून तरी ते शिखर मी गाठणारच," आणि मला पुढे बोलणे सुचले नाही. तुझा बेत मोडावा म्हणून हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. नानांना जाऊन महिना होत आला, आणि त्यांच्याविषयी तुझ्याशी सावकाश बोलणे राहून गेले आहे, तेवढे बोलायचे आहे.

नव्वदी ओलांडलेल्या माणसाविषयी लोक म्हणतात की आयुष्याचे सोने झाले. ते खरेच आहे. तरी वडील कितीही वयाचे होऊन गेले, तरी मुलीला ते अवेळीच गेल्यासारखे वाटते. तुला ते डोंगरातले नाना म्हणून ठाऊक आहेत. मला आठवतात ते, माझी आई अंथरुणाला खिळली त्या वर्षांत डोंगराचे नावही न काढणारे नाना. बुटांना तेल लावून त्यांनी ते माळ्यावर ठेवले, माझ्या वेण्या घालायला शिकले, आणि त्याविषयी कधी अवाक्षर काढले नाही. रात्री आई झोपली की मधूला आणि मला गच्चीवर नेऊन ते आकाश दाखवत. सप्तर्षींतल्या पुलहापासून क्रतूपर्यंत रेघ ओढायची आणि तीच पुढे साधारण पाचपट वाढवायची, की ध्रुव सापडतो. तो क्षितिजापासून जितके अंश वर दिसेल, तितके आपल्या जागेचे अक्षांश. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे ज्या दिशेला उगवतात ती जवळजवळ नेमकी पूर्व, आणि त्यांच्या रेषेत पुढे गेले की व्याध. होकायंत्र हरवले तरी माणसाला घरी येता आले पाहिजे, असे ते म्हणत. आता लिहिताना लक्षात येते की त्यांच्या साऱ्या विद्येचे तोंड घराकडेच होते.

पुढे आई बरी झाली आणि ते मलाही नेऊ लागले. चालताना मला सर्वांत पुढे ठेवत, कारण ज्याचा वेग सर्वांत कमी त्याने पुढे चालायचे, म्हणजे कोणी मागे पडत नाही. वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागायला लावत; उत्तर दहा किलोमीटरांच्या आत आले की माथा आणि उघडी धार सोडून खाली उतरायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर चढायचे नाही. माझे गणित त्यामुळेच पक्के झाले, असे सुमनमावशी अजून म्हणते.

एकदा माथा अगदी समोर दिसत होता, फार तर तासाभराची चढण उरली होती. नानांनी घड्याळ पाहिले, पश्चिमेला साचत चाललेले ढग पाहिले आणि म्हणाले, "फिरा मागे." मी संतापाने रडले. त्या दिवशी पाऊस आलाच नाही; आम्ही पायथ्याशी पोहोचलो तेव्हा आकाश निरभ्र होते, आणि मी ते त्यांना मुद्दाम दाखवले. ते एवढेच म्हणाले की वर असताना जे दिसत होते त्यावरून निर्णय घेतला, आणि पुन्हा तेच दिसले तर पुन्हा तोच घेईन. त्यांना हळहळ वाटली नाही. सायली, मला तुझ्याविषयी नेमकी याचीच काळजी वाटते. शिखर स्वतःसाठी असते तर तू परत फिरली असतीस, हे मला ठाऊक आहे. पण ते नानांसाठी म्हटल्यावर फिरशील का?

त्यांचा सर्वांत आवडता माणूस दक्षिण ध्रुवाच्या मोहिमा काढणारा अर्नेस्ट शॅकल्टन होता, हे तुला आठवत असेलच. जानेवारी 1909 मध्ये दक्षिण ध्रुव सुमारे 180 किलोमीटरवर राहिला असताना त्याने पाठ फिरवली, कारण पुढे जाण्याइतके अन्न होते, पण पुढे जाऊन परत येण्याइतके नव्हते. ते चौघेही जिवंत परतले. तीन वर्षांनी, जानेवारी 1912 मध्ये, दुसऱ्या मोहिमेचा प्रमुख रॉबर्ट स्कॉट आपल्या चार सोबत्यांसह ध्रुवावर पोहोचला आणि परतीच्या वाटेवर ते पाचही जण मरण पावले. स्कॉटविषयी नाना कधी हलके बोलले नाहीत. मात्र शॅकल्टनची ती माघार सांगताना त्यांचा आवाज बदलत असे.

पाच हजार मीटरांच्या वर तुला एकटीला जायचे आहे. तीन हजारांनंतर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये, हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. डोके दुखू लागले, मळमळले, पाय अडखळू लागले, तर आणखी वर जाऊ नये, हेही ठाऊक आहे. पण विरळ हवेत आणि थंडीत माणसाची विचारशक्तीच मंदावते. जिने परत फिरायचे ठरवायचे, तीच तोवर थकलेली असते. म्हणून माघारीची वेळ सकाळी तंबूतून निघण्याआधी ठरवायची आणि माथा दहा पावलांवर असला तरी पाळायची. सोबत कोणी असते तर तुझी अडखळती जीभ त्याला तरी कळली असती. बघ, पुन्हा तेच लिहू लागले. रागावू नकोस. शिकवण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. तुझी तयारी पाहून नाना मधूमामाला म्हणाले होते की ही पोर माझ्याहून नीट नकाशा वाचते, आणि ते ऐकून मला किती अभिमान वाटला, हे मी तुला कधी बोलून दाखवले नाही. तो अभिमान आजही आहे आणि भीतीही आहे. दोन्ही एकाच वेळी बाळगायची सवय मला व्हायला हवी.

नानांचे होकायंत्र पाठवत आहे. हवामानाची वही मात्र माझ्याकडे ठेवली आहे. शेवटच्या महिन्यातही हवेचा दाब ते मला वाचायला लावत आणि काटा उतरला की आपण नव्हे, डोंगरावर असलेल्या दुसऱ्याच कोणाची तरी चिंता करत.

नाना निघताना घरी कागद ठेवत, तसा तूही ठेव. वाट कोणती, मुक्काम कुठे, माघारीची वेळ कोणती आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला कळवायचे, हे सगळे लिही. एक प्रत मला आणि एक मधूमामाला दे. सोबत कोणी येणार असेल तर त्याचे नावही त्यात लिही. शनिवारच्या आत कागद मिळाला तर बरे होईल.

तुझी,
आई