घुमटाचा माईक चुकीच्या तोंडाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी पणजीत एका छोट्या सभागृहात इलेक्ट्रिक गिटार आणि घुमट (आमचं गोव्याचं मातीच्या मडक्याचं तालवाद्य) अशी जोडी ऐकली. राग नाही, ताल नाही, आधी काही ठरवलेलं नाही. दोघांनी एकमेकांचं ऐकायचं आणि जे सुचेल ते वाजवायचं. माझ्या मागच्या रांगेतले चौघे 'हा कसला गोंगाट' म्हणत दहाव्या मिनिटाला उठले. त्यांचंही चुकलं नाही, कारण त्यांना गिटारच तेवढी ऐकू आली.

मी चाळीस वर्षं चवथीच्या आरत्यांना घुमट वाजवतो. घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर चामडं, लहान उघडं. उजवा हात चामड्यावर पडतो, पण खर्ज निघतो तो लहान तोंडातून, डाव्या पंजाने वारा अडवत-सोडत. परवा माईक होता फक्त चामड्यापाशी. त्यामुळे स्पीकरमधून नुसती टकटक येत होती. वादकाचा डावा पंजा मात्र सारखा हलत होता. तो गिटारच्या लांबणाऱ्या सुराखाली खर्ज धरू पाहतोय, हे मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं! त्यात गिटारवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर घुमटवाल्याच्या कानाशी. त्याला तरी काय ऐकू येणार? आणि ऐकूच आलं नाही तर उत्तर कशाला द्यायचं?

असं काही न ठरवता वाजवण्याचा प्रकार नवा नाही. भाच्याने मला इंग्लंडचे गिटारवादक डेरेक बेली आणि हॉलंडचे ड्रमर हॅन बेनिंक ऐकवले. बेनिंक ड्रम सोडून खुर्चीवर, जमिनीवरही काठ्या चालवतात. मी सवयीने मांडीवर टाळी धरून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधत बसलो, तर भाचा हसला. ''मामा, इथे सम नाही, फक्त समोरचा आहे.'' गोव्याचे तबलावादक खाप्रुमामा पर्वतकर यांच्या लयकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला, पण पचलं.

2019 साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. आता त्याला दोन माईक द्यायला काय हरकत आहे? एक चामड्याला, एक लहान तोंडाला थोडा तिरका, म्हणजे वारा थेट माईकवर बसणार नाही.

कार्यक्रमानंतर साउंडवाल्या मुलाला मी हे वाजवून दाखवलं. त्याने लहान तोंडाशी कान नेला आणि दचकून मागे घेतला. पुढच्या वेळी साउंड चेकलाच बोलवा म्हणालो, येईन. रात्री माशेलला परतायची सोय तेवढी करावी.

आपला,
एक घुमटवादक, माशेल