'इथे राजकारण नको' या सूचनेविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा फोन बाजारात आला, एखाद्या अ‍ॅपवर बंदी आली किंवा एखाद्या बड्या तंत्रज्ञान कंपनीच्या मालकाने वादग्रस्त विधान केले, की समाजमाध्यमांवर ज्या गप्पा रंगतात त्यांचा क्रम जवळपास ठरलेला असतो. सुरुवात कॅमेऱ्यापासून होते, मग विषय बॅटरीवर येतो, कोणीतरी दुसऱ्याच्या फोनची टिंगल करतो आणि बघता बघता चर्चा सरकारे, निर्बंध, आयातकर आणि पाळत यांच्यावर जाऊन पोहोचते. नेमका त्याच वेळी एखादा शहाणा सदस्य बजावतो, 'इथे राजकारण नको, फक्त तंत्रज्ञानावर बोला', आणि बाकीचे माना डोलावतात. वृत्तपत्रे तर ही सूचना कोणी न देताच पाळत आली आहेत. उपकरणाची बातमी पुरवणीत छापली जाते आणि तिच्यात पडद्याचा आकार, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल व रंगांचे पर्याय असतात. त्याच उपकरणाचे भवितव्य ठरवणारा कायदा मात्र आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या पानावर एका कोपऱ्यात येतो, आणि या दोन पानांची एकमेकांशी ओळखही नसते. ही फाळणी चुकीची आहे, आणि ज्या गप्पांना आपण टवाळकी म्हणून हसण्यावारी नेतो त्या याबाबतीत वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहेत, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

चार्जरचेच उदाहरण घ्यावे, कारण इतका चघळला गेलेला विषय दुसरा क्वचितच असेल. युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने २००९ मध्ये प्रमुख फोन उत्पादकांनी एकाच प्रकारचा चार्जर वापरण्याचा करार केला होता आणि त्यासाठी मायक्रो-यूएसबी ही पिन ठरली होती. करार ऐच्छिक होता आणि अ‍ॅडॉप्टर पुरवला तरी तो पाळल्यासारखे होत होते. साहजिकच ज्याला आपली वेगळी पिन ठेवायची होती त्याने ती ठेवली. अ‍ॅपलने तर २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लाइटनिंग ही स्वतःची नवी पिन आणली. अखेर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी टाइप-सी ही पिन बंधनकारक करणारा कायदा संमत केला, त्याच महिन्यात कंपनीचे विपणनप्रमुख ग्रेग जोस्वियाक यांनी नाखुशीने का होईना, पण नियम पाळावाच लागेल हे जाहीरपणे मान्य केले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. ग्राहकांपुढे हा बदल सोय म्हणून मांडला गेला. त्या दिवशीच्या गप्पांमध्ये मात्र कंपनीच्या अभियंत्यांऐवजी युरोपच्या खासदारांचे अभिनंदन करणाऱ्या विनोदांचा पूर आला होता, आणि 'नवे काय' एवढेच सांगणाऱ्या अनेक बातम्यांपेक्षा त्या विनोदांत अधिक माहिती होती, असे मला वाटते.

कंपनीचा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. एकच पिन कायद्याने बांधून टाकली तर तिच्याहून चांगली पिन शोधण्याचे कारणच उरणार नाही, असे तिचे म्हणणे होते. आणि २००९ चा करार सक्तीचा असता तर आपण सारे त्या एकाच बाजूने आत जाणाऱ्या मायक्रो-यूएसबीशी अजून झटत बसलो असतो, ही शक्यता नाकारता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी ही अडचण ओळखून तंत्रज्ञान पुढे गेल्यास नियम सुधारण्याचा अधिकार आयोगाकडे ठेवला आहे. तो वेळेवर वापरला जाईल का, उत्पादकाचे स्वातंत्र्य कोठे संपते आणि ग्राहकाची सोय कोठे सुरू होते, हे सगळे प्रश्न पिनेविषयीचे आहेत आणि राज्यकारभाराविषयीचेही आहेत. त्यांतला एक भाग कापून दुसऱ्यावर बोला असे सांगता येत नाही.

खोक्यातून चार्जरच काढून टाकण्याचा प्रकार याच्याच पुढचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अ‍ॅपलने पर्यावरणाचे कारण देऊन तो काढला, सॅमसंगने आपल्या फोनसोबत चार्जर मिळतो असे सांगत तिला चिमटा काढला आणि जेमतेम तीन महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, आपल्या गॅलेक्सी एस२१ च्या खोक्यातून स्वतःही तो काढला. ब्राझीलच्या सरकारने २०२२ मध्ये चार्जरविना आयफोन विकण्यावर बंदी घालून दंड ठोठावला. कंपन्यांच्या अशा कोलांटउड्या लक्षात ठेवण्याचे काम आज टवाळखोरच करत आहेत. जुन्या जाहिरातीचे चित्र नेमक्या वेळी पुढे करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही.

गप्पांतून खरी बातमी कशी बाहेर येते आणि तिला खरे-खोटे करणारा कोणी भेटला नाही तर ती कशी वाया जाते, हे समजून घ्यायचे असेल तर जुन्या आयफोनच्या मंद होण्याचे प्रकरण पाहावे. नवा फोन आला की कंपनी जुना फोन मुद्दाम मंद करते, अशी थट्टा कित्येक वर्षे चालू होती आणि जाणकार मंडळी तिला भ्रम म्हणून उडवून लावत होती. डिसेंबर २०१७ मध्ये एका वापरकर्त्याने लिहिले की बॅटरी बदलताच त्याचा फोन पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागला. एवढ्यावर राहिले असते तर ती आणखी एक तक्रार ठरली असती. पण फोनचा वेग मोजणारे गीकबेंच हे साधन बनवणारे जॉन पूल यांनी आपल्याकडे साठलेल्या मोजमापांकडे पाहिले, आणि प्रणालीच्या ठरावीक अपडेटनंतर एकाच मॉडेलच्या फोनांचे वेग एका आकड्याभोवती न राहता वेगवेगळ्या पातळ्यांवर विखुरले आहेत, हे आलेखाने दाखवून दिले. दोनच दिवसांत कंपनीने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या फोनांचा वेग ती कमी करत होती. २८ डिसेंबरला तिने ग्राहकांची माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये तिला याच कारणासाठी २.५ कोटी युरोंचा दंड झाला.

यातली गंमत अशी की थट्टा करणारे पूर्ण बरोबर नव्हते आणि त्यांना हसणारेही नव्हते. थकलेली बॅटरी एकाएकी लागणारी जादा वीज पुरवू शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. तसे होऊ नये म्हणून वेग कमी करणे हा उपाय तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखा होता. नवा फोन खपवण्यासाठी जुना बिघडवला जातो हा आरोप त्यामुळे सिद्ध होत नाही. मात्र ज्याला केवळ नवी बॅटरी पुरली असती त्याला ते सांगितलेच गेले नाही, त्याने नवा फोन विकत घेतला, आणि ही लपवाछपवीच फ्रान्सच्या यंत्रणेने दंडनीय मानली. शंका गप्पांनी काढली, तिची छाननी एका मोजणाऱ्याने केली आणि न्यायनिवाडा सरकारी यंत्रणेने केला. या साखळीत वृत्तपत्राची जागा मधली आहे, आणि ती बहुतेक वेळा रिकामी राहते असे मला खेदाने म्हणावे लागते.

काही उपकरणे तर अशी असतात की राजकारण वगळून त्यांचे वर्णनच करता येत नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेने चीनच्या ह्वावे कंपनीला आपल्या निर्बंधांच्या यादीत घातले, आणि त्यानंतर आलेल्या तिच्या नव्या फोनांत गूगलच्या सेवा राहिल्या नाहीत. त्या फोनांचा कॅमेरा नावाजला गेला; पण त्यांत प्ले स्टोअर का नाही, हे निर्बंधांचे नाव न घेता कसे सांगणार? पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये, अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो चीनच्या दौऱ्यावर असतानाच, याच कंपनीने मेट ६० प्रो हा फोन कोणताही समारंभ न करता विक्रीस ठेवला, आणि तो उघडून पाहणाऱ्यांना आत चीनच्या एसएमआयसी या कारखान्यात सात नॅनोमीटर प्रक्रियेने, म्हणजे बऱ्याच सूक्ष्म घडणीने, बनलेली चिप सापडली. सर्वांत सूक्ष्म चिप घडवायला लागणारी अत्यंत लघु तरंगलांबीच्या अतिनील किरणांची (ईयूव्ही) यंत्रे व्यापारी प्रमाणावर नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते आणि ती चीनला विकण्याची परवानगी तिला मिळालेली नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या फोनभोवती एवढा गदारोळ का झाला ते कळेल. बाकीच्यांना तो आणखी एक महागडा फोन वाटेल.

आता 'राजकारण नको' म्हणणाऱ्यांची बाजू. चर्चा सांभाळणाऱ्यांना रोज ज्या शिवीगाळीला तोंड द्यावे लागते ती पाहता त्यांनी दार लावून घ्यावे हे स्वाभाविक आहे, आणि अमुक नेता चांगला की तमुक, हा वाद फोनच्या चर्चेत खरोखरच उपरा आहे. माझाही या गप्पांवरचा मुख्य आक्षेप हाच आहे, की त्या धोरणापर्यंत पोहोचण्याआधीच गटबाजीत अडकतात. फोनच्या कंपन्यांचे अनुयायी राजकीय पक्षांच्या कार्यकर्त्यांप्रमाणे बोलू लागतात. आपल्या कंपनीने हेडफोनची पिन काढली तर ते धाडस ठरते, दुसरीने काढली तर लूट. सरकारांच्या बाबतीतही तेच. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने एका हल्लेखोराच्या फोनचे कुलूप उघडण्यासाठी अ‍ॅपलकडे खास प्रणालीची मागणी केली आणि कंपनीने नकार दिला, तेव्हा खासगीपणाचा जयजयकार झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये ग्राहकांची माहिती उघडून देण्याच्या सरकारी मागणीच्या बातम्यांनंतर त्याच कंपनीने साठवलेल्या माहितीला सर्वांत भक्कम सांकेतिक संरक्षण देणारी आपली सोय तेथील ग्राहकांसाठी काढून घेतली, तेव्हाची चर्चा बघता बघता ब्रिटन चांगले की अमेरिका, यावर घसरली. आपले सरकार किल्ली मागते तेव्हा आपण काय म्हणू, हा अवघड प्रश्न कोणालाच नको असतो. पण गटबाजीवर उपाय म्हणून विषयच बंद करणे मला पटत नाही. धोरणावरचा युक्तिवाद आणि नेत्यावरचे प्रेम यांत फरक करता येतो, आणि तो करायला शिकवणे हे संपादन जाणणाऱ्यांचे काम आहे.

म्हणून आपणास विनंती आहे, की उपकरणांच्या बातम्यांचा साचा बदलावा. नव्या फोनची बातमी देताना त्याला सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील हे आधी सांगावे आणि मेगापिक्सेल नंतर. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले. तसे आश्वासन त्याच कंपनीच्या स्वस्त फोनना आहे का, हे विचारणारा वार्ताहर हवा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांच्या बॅटरीने ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही किमान ८० टक्के क्षमता टिकवली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही प्रणालीचे अपडेट किमान पाच वर्षे व महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत, असा नियम झाला आहे. तोच फोन इतरत्र विकताना कंपनी या अटी पाळणार आहे की नाही, हा प्रश्न सादरीकरणाच्या वेळीच विचारता येतो. दुरुस्तीविषयीही हेच. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२४ मध्ये सुट्या भागाची फोनशी सॉफ्टवेअरने गाठ मारून बाहेरचा भाग चालू न देण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. पडदा बदलल्यावर काही सोयी का बंद पडतात, हे कोडे पडलेल्या वाचकासाठी ती बातमी होती.

यासाठी वेगळे पान किंवा मोठा खर्च लागणार नाही. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात जे नसते तेवढे विचारले आणि उत्तर मिळाले नाही तर 'कंपनीने उत्तर दिले नाही' एवढे एक वाक्य छापले तरी पुष्कळ होईल. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे असा नियम आहे. त्यासंबंधीची बातमी आपण फोनच्या पानावर, फोनच्या छायाचित्राशेजारी आणि कोणत्या कंपनीने कोणत्या अपवादाचा आधार घेतला या माहितीसह छापावी, अशी माझी सूचना आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक