रविवारची बैठक : ॲनस्कॉलचे टॉम क्रीन

नमस्कार मंडळी,

या रविवारची बैठक नेहमीच्याच जागी, संध्याकाळी साडेपाचला. विषय : आयर्लंडमधल्या केरी परगण्यातल्या ॲनस्कॉल गावचे पबमालक टॉम क्रीन. एका पबवाल्यावर अख्खी बैठक कशाला, असं काहींनी विचारलंय, म्हणून थोडं आधीच सांगते.

क्रीन यांचा जन्म १८७७चा, शेतकरी घरातला. अंटार्क्टिकाच्या तीन मोहिमांत ते होते. फेब्रुवारी १९१२मध्ये मोहिमेतले मरणासन्न सहकारी लेफ्टनंट इव्हान्स यांच्यासाठी मदत आणायला ते बर्फातून एकटे ५६ किलोमीटर चालले. खिशात तीन बिस्किटं आणि चॉकलेटच्या दोन कांड्या, बस्स. तंबूसुद्धा नाही!

१९२०मध्ये नौदलातून निवृत्त होऊन ते गावी परतले आणि पुढे 'साउथ पोल इन' हा पब चालवला. गिऱ्हाईक बहुधा बायको नेलच बघायची, हे आपले कुत्र्यांना घेऊन फिरायला. ध्रुवाबद्दल मात्र चकार शब्द नाही. ब्रिटिशांविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई झालेल्या तेव्हाच्या आयर्लंडमध्ये ब्रिटिश नौदलातली नोकरी मिरवणं जोखमीचं होतं. ब्रिटिशांच्या पोलिसात असलेला त्यांचा भाऊ १९२०मध्येच मारला गेला होता. मला विचाराल तर चालण्यापेक्षा हे गप्प राहणंच जास्त बोलण्यासारखं आहे, तेव्हा चर्चेचा रोख तिकडे ठेवू. १९३८मध्ये अपेंडिक्स फुटून ते गेले.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, चहाचा अंदाज घेता येतो. हो, चहाच. विषय पबचा आहे म्हणून भलत्या अपेक्षा नकोत.